पूर्वजांचा धंदा शोधताना आडनावामागे धावू नका

तुमचं घराणं पुण्यात तांब्याचं काम करायचं असं आजी सांगायच्या, आणि लंडनच्या कारागीर-संघांच्या शिकाऊ उमेदवारांच्या नोंदवह्या असतात तसं आपल्याकडे काही मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. आपल्याकडे धंदा बहुतेक घरातच शिकला जायचा, त्यामुळे तशी वही शोधू नका. आपला कारागीर कागदावर येतो तो मुख्यतः दोन कारणांनी: कर भरला म्हणून, नाहीतर हक्कासाठी भांडला म्हणून.

कराचं नाव मोहतर्फा. माग, घाणा, दुकान यांवर बसणारा हा कर. शहरात त्याचे कागद पेठवार बघायचे, म्हणून आधी पेठ नक्की करा. तुमच्या बाबतीत कसब्यातली तांबट आळी हा पहिला धागा. नवी पेठ वसवताना सरकार कौल, म्हणजे लेखी अभयपत्र द्यायचं, काही वर्षं करात सूट मिळायची, आणि पेठेचा कारभार शेटे आणि महाजन या अधिकाऱ्यांकडे असायचा. ही दोन्ही पदं वतनी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काची, त्यामुळे त्यांच्या तंट्यांतही पेठेतल्या व्यापाऱ्या-कारागिरांची नावं साक्षीला येतात. हे सगळं पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दफ्तरात, मोडीत. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादलेले छापील ४५ खंड आधी चाळावेसे वाटतील, पण त्यांत भर राजकारणावर आहे. मूळ रुमालच, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडीच, उघडावी लागतात. दफ्तरातल्या प्रांत अजमास या प्रांतवार कागदांच्या विभागापासून सुरुवात करा.

घराणं मूळचं खेड्यातलं निघालं तर महजर, म्हणजे सभेच्या निवाड्याचा कागद शोधा. वतनाच्या वादात गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची-वतनदारांची सभा बसायची आणि निवाड्यावर पाटलाबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या पडायच्या. पाटलाचा नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा. शाईने काढलेलं ते एवढंसं चाक आणि शेजारी कारकुनाने लिहिलेलं नाव दिसलं की माणूस आपल्या हत्यारासकट समोर उभा राहतो. मला या कामात याहून मोठा आनंद ठाऊक नाही.

आता आडनावाचं. या कागदांत ते बहुधा नसतंच. ‘राणोजी बिन संताजी सुतार’ एवढंच असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणून बापलेकांच्या नावांची जोडी हातात घेऊन जा. आणि ‘सुतार’ लिहिलंय म्हणजे तो रंधा मारतच होता असं धरू नका. वतन विकलं जायचं, गहाण पडायचं, आणि वतनदार नसलेला उपरी कारागीरही गावात काम करायचा.

तारीख शुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या सरकारी कालगणनेत, अरबी अंकशब्दांत असते. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ७+७०+१००+१०००, सन ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हे वर्ष मृगात सुरू होतं, म्हणून कागद जानेवारी ते मे महिन्यांतला असेल तर ६०० मिळवा.

पण पेशवाईपर्यंत एकदम उडी नको. आजोबांपासून मागे चला. तहसीलमधला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या बऱ्याच मोडीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही दप्तरं बाहेर निघाली, तेव्हा आत्ता विचारणं सोपं आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा; तिथे मात्र आडनाव आणि मूळ गाव दोन्ही उपयोगी पडतं.

मोडी स्वतः शिका, पुरालेखागाराचे प्रशिक्षण वर्ग असतात. तोवर एखाद्या कागदावर अडलात तर फोटो इथे टाका. फक्त रुमालाचा क्रमांक सोबत लिहा, नाहीतर तो कागद पुन्हा सापडायचा नाही.