नागपूरच्या उन्हात विजेची गाडी

सुरुवातीचे काही आठवडे नजर रस्त्यापेक्षा बॅटरीच्या टक्क्यांवरच खिळलेली असते. माझेही तसेच झाले होते. कंपनी सांगते तो पल्ला चाचणीतला असतो, म्हणून आपण पाऊणपटीवरच हिशेब बांधावा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की एसी आपला वाटा घेतोच. परंतु महामार्गावर खरा घास घेतो तो वेग, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धीवर ताशी 120 ऐवजी 90 ने चालवून पाहा, वर्धा येईतोच फरक दिसेल. उन्हातून आल्याबरोबर तापलेली गाडी जलद चार्जरला लावण्यापेक्षा थोडा वेळ सावलीत उभी करावी.

राहिला प्रदूषणाचा प्रश्न. गाडीला धुरांडे नसले, तरी कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांना ते आहे, आणि बॅटरी घडवतानाही बराच कार्बन हवेत जातो. मात्र पेट्रोलचे इंजिन बहुतांश ऊर्जा उष्णतेत घालवते, तर विजेची मोटर ती चाकांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे गाडी भरपूर वापरली, तरच सुरुवातीचे ते कर्ज फिटते. छतावर सौर पॅनेल असल्यास दुपारीच चार्ज करावी. सीताबर्डीला मात्र मी अजूनही मेट्रोनेच जातो.