अलार्म वाजला की गेलाच जीव!

मागच्या अंकात लपतछपत खेळायच्या जुन्या गेम्सवर सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला, त्यातली तीन घेतो, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : दादा, नववीत असताना बार्शीत कॅफेत जाऊन आयजीआय खेळायचो. चार-पाच मिशनच्या पुढे कधी गेलोच नाही. मित्र म्हणतो गेम सोपा होता, तूच कच्चा. आणि सेव्हचं बटण खरंच नव्हतं की आम्हाला सापडलं नाही?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नव्हतंच हो! तुमच्या मित्राने नक्की चीट मारून खेळलाय. प्रोजेक्ट आयजीआय २००० च्या डिसेंबरमध्ये आला, नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओने बनवलेला, एकूण १४ मिशन, आणि मिशनच्या मधे सेव्ह करायची, म्हणजे मेलो तरी पोचलो तिथूनच पुढे खेळायची, सोयच नाही. म्हणजे पाऊण तास गवतातून सरपटत जायचं, टॉवरवरचा स्नायपर टिपायचा, कॉम्प्युटर हॅक करून कॅमेरे बंद करायचे आणि शेवटच्या दारापाशी एक एके-४७ वाला मागून यायचा की परत पहिल्यापासून. अलार्म वाजला तर विषयच संपला, बराकीतून माणसं निघतच राहायची, मारा किती मारायची ती.

आता हे सगळं वीस रुपये तासाच्या कॅफेत बसून करा! माझा एक तास म्हणजे आठवडाभराचा खाऊचा पैसा, मिशन व्हायला लागायचा सव्वा तास, आणि बरोब्बर पंचावन्नाव्या मिनिटाला काउंटरवरचा दादा ओरडणार, 'पाच नंबर, टाइम!' त्यात २००५ च्या आसपासचं लोडशेडिंग आठवतंय ना, लाइट गेली की जोन्स, म्हणजे गेममधला आपला हीरो, गेला, पैसे पण गेले. पूर्ण झालेली मिशन तेवढी त्या मशीनवर राहायची, म्हणून मी पाच नंबरचं मशीन रिकामं होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायचो, आणि एक दिवस गेलो तर कळलं मशीन फॉरमॅट मारलं, सगळं पुसून टाकलं. सहा मिशन गेली. त्या दिवशी घरी जेवलो नाही, आईला वाटलं पेपरात कमी मार्क पडले.

नावाचं पण सांगतो, आयजीआय म्हणजे 'आय अॅम गोइंग इन'. आम्ही कितीतरी वर्षं पोलिसातले आयजी असतात तसलं काहीतरी समजत होतो. आणि त्या गेममध्ये दूर दूरचे डोंगर दिसायचे, दुर्बीण लावली की पार पलीकडच्या कुंपणातला गार्ड दिसायचा, ते कसं, तर याच कंपनीने आधी १९९७ ला जॉइंट स्ट्राइक फायटर नावाचा विमानाचा गेम केला होता, तेच इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, इथे वापरलं. विमानातून बघायला बनवलेली जमीन आपण पोटावर सरपटत पार करत होतो! २००३ ला दुसरा भाग आला त्यात सेव्ह दिलं, पण ते पण मोजून. चिंगूसपणा काही गेला नाही त्यांचा. खरं सांगू का, मला तो चिंगूसपणाच आवडायचा. सेव्ह असतं तर दाराआड दोन-दोन मिनिटं श्वास रोखून बसलो असतो का?

प्रश्न : असले लपायचे गेम सगळ्यात आधी कुणी काढले? मेटल गिअरनेच ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मेटल गिअर १९८७ चा, जपानात एमएसएक्स-२ कॉम्प्युटरवर आलेला. तो बनवणाऱ्या हिदेओ कोजिमाला युद्धाचा गेम करायचा होता, पण त्या मशीनला पडद्यावर फार माणसं आणि गोळ्या एकदम झेपेनात, मग याने म्हटलं मारामारी नको, लपूया. अडचणीतून निघालेली वाट. पण त्याच्याही आधी १९८१ ला अॅपल-२ कॉम्प्युटरवर सायलस वॉर्नरचा कॅसल वुल्फेनस्टाइन होता, त्यात शत्रूचा गणवेश चढवून गार्डसमोरून बिनधास्त जाता यायचं.

माझी मेटल गिअरची आठवण मात्र १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'ची. त्यात एका पोरीला रेडिओवर कॉल करायचा असतो आणि गेम सांगतो की नंबर सीडीच्या कव्हरच्या मागे बघ. आमची सीडी कागदी पाकिटातली, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं! भावाच्या प्लेस्टेशनवर दोघांनी १४० पासून एकेक आकडा फिरवत तो १४०.१५ शोधून काढला, संध्याकाळ गेली त्यात. पायरसीची शिक्षा म्हणा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. नवरा लेकाला (वय ११) जुना कमांडोज खेळायला लावतोय, लेक म्हणतो बोअर आहे, नुसतं थांबायचंच असतं. घरात रोज वाद. काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या ह्यांची बाजू घेतो, माफ करा. कमांडोज १९९८ चा, माद्रिदच्या पायरो स्टुडिओचा, आपल्या कमांडोंना शत्रूच्या नजरेआडून न्यायचा गेम, आणि गंमत थांबण्यातच आहे पण ती समजवावी लागते. लेकाला आधी डबा ऐसपैस शिकवा, खरंच सांगतोय. राज्य घेणाऱ्याची पाठ वळली की पळत जाऊन डबा उडवायचा, बस, कमांडोज म्हणजे तेवढंच आहे. फरक इतकाच की राज्य असलेल्याची नजर कुठपर्यंत पोचते ते इथे हिरव्या पट्ट्याने जमिनीवर दिसतं. पट्टा जवळ फिका, लांब गडद, गडद भागातून आडवं पडून सरपटत गेलं तर शिपायाला दिसत नाही. हे एकदा पोराला कळलं की बघा.

आणि ह्यांना सांगा, माउस सोडा. बाप लोक काय करतात, शेजारी बसून 'अरे आत्ता नको, आत्ता नको' करत राहतात, मग पोराला बोअर होणारच. ग्रीन बेरे नावाचा कमांडो लेकाकडे द्या, त्याला सुरी असते, प्रेत खांद्यावर उचलून लपवता येतं, पोरांना असलं आवडतं. गुप्तहेराचं पात्र आलं की शत्रूचा गणवेश घालून शिपायाशी गप्पा मारत त्याला अडकवून ठेवायचं काम ह्यांना द्या. दोघांत एकच माउस, आलटून पालटून. एक जरी कमांडो मेला तरी मिशन फेल, त्यामुळे भांडण होणारच आहे, पण ते निदान एकमेकांशी होईल, तुमच्याकडे तक्रार घेऊन कुणी येणार नाही. आठवड्याने कळवा कोण जिंकलं.