समोर सगळं येतं, पेपरात काहीच येत नाही

प्रश्न : ताई, मी कॉलेज करता करता एका घरी जाऊन दोन भावंडांची शिकवणी घेते. धाकटा पाचवीत आहे, त्याचं बरं चाललंय. प्रॉब्लेम मोठीचा आहे, सातवीत आहे ती. माझ्यासमोर बसून गणितं पटापट सोडवते, समजलं का विचारलं की हो म्हणते, आणि चाचणीत 20 पैकी 6. परवा तिची आई म्हणाली, मग तू येतेस तरी कशाला. घरी येऊन रडले मी. तास वाढवू का? की सोडून देऊ?

उत्तर : आधी पाणी पी. आणि तास अजिबात वाढवू नकोस, कारण जे चुकतंय तेच दीड तास चालेल.

तू लिहिलंयस ना "माझ्यासमोर", माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. पोरं वहीपेक्षा आपला चेहरा जास्त वाचतात गं. आकडा लिहिला की वर बघतात, आपली भुवई जरा हलली की लगेच खोडरबर. मी पहिली दोन वर्षं अशीच शिकवलीत आणि मला वाटायचं काय छान शिकवते मी! पुढच्या वेळी एक कर, तिला पाच गणितं दे आणि तू खिडकीपाशी जाऊन उभी राहा, वहीकडे बघूच नकोस, मध्ये "अं" पण करायचं नाही. जे येईल तो तिचा खरा स्कोअर.

दुसरं म्हणजे तू बहुतेक एकाच प्रकारची दहा-पंधरा गणितं सलग देत असशील, सगळेच देतात, पुस्तकातच तशी असतात. त्यात पहिलं गणित डोक्याने होतं आणि बाकीची हाताने. पेपरात मात्र कुठली रीत वापरायची तेच आधी ठरवायचं असतं आणि त्याची सवय तिला कुणी लावलेलीच नाही. म्हणून मिसळून दे. दोन अपूर्णांकांची, एक शेकडेवारीचं, एक तीन आठवड्यांपूर्वीच्या धड्यातलं. सुरुवातीला जास्त चुकेल, हे तिच्या आईला आधीच सांगून ठेव नाहीतर परत ऐकून घ्यावं लागेल.

आणि विसरणं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग केलेले छापले, बिनअर्थाची अक्षरं पाठ करायची आणि किती टिकतंय ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलेलं, दिवसाने जेमतेम एक तृतीयांश उरलेलं. गणित काही बिनअर्थाचं नसतं (तिला वाटत असेल तर गोष्ट वेगळी) त्यामुळे इतकं भराभर जाणार नाही, पण जातं. म्हणून पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद, मागच्या वेळी काय केलं ते आठवून कोऱ्या कागदावर. वाचून उजळणी नको, वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं.

आता खरं काम, म्हणजे तुटलंय कुठे ते शोधणं. 52 − 17 चं उत्तर 45 लिहिणाऱ्या मुलाला आपण वेंधळा म्हणतो, पण तो एकदम शिस्तीत चुकतोय, एककात 7 मोठे म्हणून 7 मधून 2 वजा करतोय, हातचा प्रकारच त्याला कळलेला नाही. 1/3 + 1/4 = 2/7 तसंच, अंशात अंश, छेदात छेद. 0.35 हे 0.5 पेक्षा मोठं कारण 35 पाचापेक्षा मोठे. 8 + 4 = □ + 5 दे, चौकटीत 12 लिहिलं तर समज की तिच्यासाठी "बरोबर"चं चिन्ह म्हणजे नुसतं "उत्तर इथे लिहा". हे नीट केल्याशिवाय सातवीचं समीकरण शिकवत बसलीस तर ते ढिगाऱ्यावर माडी बांधल्यासारखं होईल. तेव्हा चौथी-पाचवीचं काढ खुशाल. फक्त धाकट्यासमोर नको, प्लीज.

"समजलं का" विचारणं आजपासून बंद. त्याचं उत्तर हो असंच असतं. त्याऐवजी मुद्दाम चुकवलेलं गणित दे आणि म्हण, शोध कुठे माती खाल्ली. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बस. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकली, तर शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं. तीन सेकंद! मी मनात आकडे मोजायचे, तरी जीभ वळवळायची.

आईंशी बोलताना मार्कांचं प्रॉमिस करू नकोस, ते तुझ्या एकटीच्या हातात नाहीये. आज खिडकीपाशी उभी राहून घेतलेला कागद तारीख टाकून जपून ठेव, सहा आठवड्यांनी तसाच दुसरा घे आणि दोन्ही समोर ठेव. त्यात फरक दिसला नाही तर तेव्हा सोडण्याचा विचार कर, आत्ता नाही.

प्रश्न : पालक निघायच्या वेळी "आज नको" असा मेसेज करतात आणि महिनाअखेरीस त्या दिवसाचे पैसे कापतात. बोलू कसं?

उत्तर : पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला, भांडण नसताना बोला. आदल्या दिवशी सांगितलं तर बदली तास, आयत्या वेळी सांगितलं तर तास झाला असं धरणार, आणि मी आले नाही तर मी भरून देणार. तिन्ही वाक्यं मेसेजमध्ये लिहून पाठवा, तोंडी नको. तिसरं वाक्य आधी लिहा.