भाचीला मांजरीच्या पंजांचा मेकॅनिकल कीबोर्ड भेट द्यायचाय, कोणता घेऊ?

घ्या, पण रूपाआधी आवाज पाहा. निळ्या स्विचचा (स्विच म्हणजे बटणाखालची कळ) कीबोर्ड दर बटणाला टकटक करतो. दारव्ह्याकडे आमच्या घरी सगळे एकाच खोलीत झोपतात. रात्री अकराला आजीनं तो उचलून अंगणात ठेवला असता. लाल किंवा तपकिरी स्विच बरा.

पंजे, कान फक्त एस्केप नि एंटरवर असू द्या, सगळीच बटणं फुगीर असली की बोटं चुकतात. कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या हव्या, एबीएस प्लास्टिकच्या लवकर तेलकट चमकतात. कापसाच्या दिवसांत रुई बटणांखाली जाऊन बसते, म्हणून कीकॅप काढायचा चिमटा सोबत मिळतो का बघा. छापील अक्षरं बहुधा इंग्रजीच असतात. भाची इनस्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची बटणरचना) शिकत असेल तर देवनागरी स्टिकर वेगळे घ्या.