डिएगो या नावाचा अर्थ काय? ते सँटियागोचंच छोटं रूप आहे का?

मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. गोष्ट आहेच तशी गोड. येशूचा शिष्य याकोब हा स्पॅनिशमध्ये 'सांत यागो'. घाईत म्हणता म्हणता त्याची फोड 'सान तियागो' अशी झाली आणि त्या तियागोचा पुढे दिएगो. पण मध्ययुगातल्या लॅटिन कागदपत्रांत हे नाव 'दिदाकुस' असं सापडतं. ते याकोबपासून आलंय हे बऱ्याच भाषातज्ज्ञांना पटत नाही. कोणी त्याचा संबंध शिकवण या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी लावतात, पण पक्का निकाल नाही. तेव्हा बाळाचं नाव ठेवायला अर्थ शोधत असाल तर निराशा होईल.

मला त्याहून मजेशीर वाटतं ते त्या नावाचं पोर. आपण बापाचं नाव मधे लावतो, तिकडे त्याचंच आडनाव व्हायचं. दिएगोचा मुलगा तो दियास किंवा दिएस. 'एल सिद' म्हणून गाजलेला अकराव्या शतकातला योद्धा रोद्रिगो दियास. त्याच्या वडिलांचं नाव दिएगो लाइनेस. पोर्तुगीजांकडे दिएगोचा दिओगो झाला आणि त्याच्या पोरांचा दियास. गोव्यातले, वसईतले डायस ते हेच!

आता अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना. वडीलही दिएगोच, त्यामुळे शेजारीपाजारी त्यांना 'दोन दिएगो' म्हणत. (हा 'दोन' आपला नव्हे, आदराचा 'डॉन'.) पोराचं लाडाचं नाव पेलुसा, म्हणजे केसाळ लव. ब्युनोस आयर्सच्या कडेच्या विजा फियोरितो वस्तीतला हा पोरगा पुढे १० नंबर घालून खेळला. स्पॅनिशमध्ये दहाला म्हणतात 'दिएस', स्पेलिंग अगदी त्या दिएस आडनावाचंच, फक्त आडनावात इ वर आघातचिन्ह. देवाला 'दिओस'. चाहत्यांनी त्या शब्दातल्या (DIOS) दोन अक्षरांच्या जागी १० चा आकडा बसवला (D10S) आणि दहा नंबरवाला देव तयार! २२ जून १९८६ ला इंग्लंडविरुद्ध चार मिनिटांत त्याने एक गोल हाताने आणि एक अर्धं मैदान कापत केला. त्यानंतर असल्या कोट्यांना कोण अडवणार? १९९८ मध्ये रोसारिओत त्याच्या नावाने चक्क चर्चही निघालं, अर्धं थट्टेत, अर्धं मनापासून.

अर्जेंटिनात त्याचं आडनाव लागतच नाही. नुसतं 'एल दिएगो' म्हटलं की पुरे. २०१६ मध्ये मुंबई सिटी या फुटबॉल क्लबकडून खेळून गेलेला उरुग्वेचा फोर्लानसुद्धा दिएगोच, पण त्याला आपण फोर्लानच म्हणतो ना?

आणि हो, उच्चार. स्पॅनिश 'द' दातांवरचा असतो, इंग्रजीसारखा टाळूकडचा नाही. म्हणजे आपल्याकडे 'द' असताना आपण इंग्रजीवरून 'डिएगो' लिहीत बसलोय. मीही वर शीर्षकात तेच लिहिलंय, कारण तुम्ही तसंच विचारलंत.