पाच महिने झाले तरी अंगात जीव नाही

प्रश्न: मॅडम, मी खानापूर तालुक्यातली आहे, पहिलीच मुलगी, पाच महिन्यांची झाली. डिलिव्हरी नॉर्मल झाली पण रक्त बरंच गेलेलं. तिसऱ्या महिन्यात माहेराहून सासरी आले. आता सकाळी उठले की आदल्या दिवशी भाताची पोती उचलल्यासारखं अंग दुखतंय, जिना चढले की धाप लागते, केस मूठमूठ गळतात, आणि बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. घरात सगळे म्हणतात बाळंतिणीला असतंच, सासूबाई म्हणतात आम्ही दोन महिन्यांत लावणीला गेलो. लोहाच्या गोळ्या महिनाभर घेतल्या, संडासला कडक व्हायला लागलं म्हणून सोडल्या. मी आळशी झालेय काय हो?

उत्तर: आळशी बाई पाच महिने रात्ररात्र उठून बाळाला पाजत नाही गं. हा प्रश्न मनातनं आधी काढून टाक.

पहिले काही आठवडे थकवा येणारच, झोपच तुटक मिळते ना. पण पाचव्या महिन्यात जिना चढताना धाप लागणं हे ‘असतंच’मध्ये बसत नाही, आणि या एका शब्दापायी आपल्याकडं किती बायका वर्षवर्ष अंगावर काढतात याचा मला खरंच राग येतो. तुझं डिलिव्हरीत रक्त गेलं, गोळ्या महिन्यात सुटल्या, म्हणजे पहिला संशय रक्त कमी असण्याचाच. तायी कार्डावर (आई-बाळाच्या तपासण्या लिहितात ते सरकारी कार्ड) डिलिव्हरीनंतरचं हिमोग्लोबिन लिहिलंय का बघ, नसेल तर या आठवड्यातच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जाऊन तपास. १२ च्या खाली असेल तर उपचार लागतो. १२ च्या वर आलं तरी डॉक्टरांना फेरिटिनबद्दल (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) विचार, कारण कधी कधी हिमोग्लोबिन बरं दिसतं पण अंगातला लोहाचा साठा संपलेला असतो.

गोळ्या डिलिव्हरीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्रास झाला म्हणून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून देतात, कधी दिवसाआड घ्यायला सांगतात, रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोन तासांचं अंतर ठेव. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगलं अंगी लागतं.

त्याच वेळी थायरॉईडची टीएसएच तपासणी पण करून घे, व्हिटॅमिन बी१२ जमलं तर तेही. बाळंतपणानंतर काहीजणींच्या थायरॉईडला सूज येते, सुरुवातीला छातीत धडधड, चिडचिड, आणि मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात एकदम मंदपणा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ असं होतं, आणि सगळे समजतात बाई सुस्तावली. बहुतेकींचं वर्षा-दीड वर्षात आपोआप बरं होतं, कुणाला गोळी लागते, ती अंगावर पाजताना चालते. नुसते केस गळणं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच जणींना होतं, त्याची भीती नको.

आता पथ्याचं. अजूनही काही घरांत बाळंतिणीला भात-तूप-मिरं एवढंच देतात, पालेभाजी थंड म्हणून बंद, पाणी पण मोजून. हे चूक आहे. पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात आणि तहान लागेल तेवढं पाणी लागतं. डिंकाचा लाडू, हळिवाची खीर खा की, पण त्याबरोबर शेवग्याचा पाला, नाचणीची आंबील, उसळ, चालत असेल तर अंडी-मासे पण पाहिजेत. अंगणवाडीत मातृपूर्णा या कर्नाटक सरकारच्या आहार योजनेतनं बाळंतिणीसाठी जे मिळतं त्याची चौकशी कर, तो हक्क आहे तुझा, लाजायचं कशाला. आणि कुणी अजून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक देत असेल तर खिडकी-दार उघडं ठेवायला सांगा, त्या धुरानं बाळ आणि आई दोघांच्या जिवाला धोका होतो.

झोपेसाठी एक कर. पाजणं तुझं, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं हे नवऱ्याला येतंय. रात्री ९ ला पाजून तू आत झोप, दोनपर्यंत बाळ दुसऱ्या कुणीतरी बघायचं, उकळून स्वच्छ केलेल्या बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं तुझं काढून ठेवलेलं दूध पाजायचं (दूध फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात बाहेर नको). सलग चार-पाच तास झोप मिळाली तरी फरक पडतो. सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना तपासणीला बरोबरच घेऊन जा, रिपोर्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की पटतं. त्यांनीही ते दिवस अंगावरच काढले असतील, त्यांचं कुणी विचारलं नव्हतं.

उताणं झोपल्यावर दम लागला, पाय सुजले, एकाच पायाची पोटरी दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा ताप आला तर मात्र वाट न बघता लगेच दवाखाना गाठ.

प्रश्न: माझी बायको (निपाणीजवळचे आम्ही) बाळ झाल्यापासून रोज रडते, सात आठवडे झाले, बाळाकडं बघावंसं वाटत नाही म्हणते. आई दृष्ट काढते. मानसिक डॉक्टरकडं नेलं तर लोक काय म्हणतील?

उत्तर: दादा, दृष्ट काढा, पण डॉक्टरकडं या आठवड्यात न्या. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं साधं असतं, त्यापुढं रोज चाललं असेल तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं आणि ते चांगलं बरं होतं, पाजत असताना चालणारी औषधं पण आहेत. भारतात साधारण पाचांतल्या एकीला हे होतं, म्हणजे तुमच्या गल्लीत पण कुणाला तरी झालं असणार, बोललं नसेल एवढंच. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र चालू, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलतात. पण ती मरायच्या गोष्टी बोलत असेल, दोन-दोन दिवस झोपत नसेल, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल किंवा बाळाला काही करेन म्हणाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तोपर्यंत तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही.