मुळं कुजलेलं ऑर्किड वाचतं का?

भेट मिळालेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड, फुलं गळली, पानं सुरकुतली म्हणून रोज पाणी घातलं, आणि आता कुंडीतून काढून बघता तर मुळं तपकिरी आणि गिळगिळीत. फेकून द्यावं का, असं विचारलंयत. पानं चार आहेत आणि मधलं कोवळं पान घट्ट आहे, असंही लिहिलंयत. मग नका फेकू.

पानं मलूल दिसली की हात आपोआप पाण्याच्या झारीकडे जातो. पण कुजलेल्या मुळाला पाणी ओढताच येत नाही, म्हणून पाण्यात बुडालेलं ऑर्किड अगदी तहानलेल्यासारखंच दिसतं. आपल्या रानातली सीतेची वेणी बघा, तीही ऑर्किडच. झाडाच्या खोडाला चिकटून चार महिने सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेते, तरी मुळं ठणठणीत. कारण पाणी निथळून जातं आणि लगेच वारा लागतो. फॅलेनॉप्सिसही झाडांवरच वाढणारं. कुंडीतल्या ओल्या गच्च लगद्यात त्याच्या मुळांना हवाच मिळत नाही. ती गुदमरतात आणि मग बुरशी आणि जिवाणू हात धुऊन घेतात.

आता कामाला लागा. जुनं सगळं माध्यम, म्हणजे कुंडीत मुळांभोवती भरलेलं सगळं, काढून टाका. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या अगदी मध्यावर, खोडाच्या खाली, पुष्कळदा जुन्या मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) एक घट्ट गोळा राहिलेला असतो, कधी त्याला जाळीची टोपीही असते. वरचं माध्यम कोरडं दिसत असतानाही तो आत ओलाच राहतो. तो बोटांनी उकलून काढा.

मग वाहत्या पाण्याखाली एकेक मूळ चिमटीत धरून दाबा. रंगावर जाऊ नका, कुंडीतली चांगली मुळंही डाग पडून पिवळट-तपकिरी होतात. घट्ट लागलं तर ठेवायचं. पिचलं, पाणी सुटलं, किंवा वरचं स्पंजासारखं आवरण सरकन निघून आत नुसता दोरा राहिला, तर ते गेलेलं आहे. कात्री किंवा ब्लेड ज्योतीवर धरून गार करून घ्या आणि निरोगी भागापर्यंत कापा. मूळ अर्धं चांगलं असेल तर अर्धं राहू द्या. खोडाचा खालचा टोकाचा भाग काळा, मऊ असेल तर तोही पातळ चकत्या काढत, आतून स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत कापायचा. फुलाचा दांडा अजून असेल तर तोही काढा. जीवावर येतं, पण झाडाला आता ती चैन परवडणारी नाही.

दालचिनीची पूड हवी तर फक्त कापलेल्या जागी लावा. मुळांवर सरसकट भुरभुरली तर ती चांगली मुळंही सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघण्याचा प्रकार मला मुळीच पटत नाही, जिवंत पेशीही त्यात भाजतात. त्यानंतर झाड एक दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडंच ठेवा.

तीन-चार धड मुळं उरली असतील तर काम सोपं. मुळं जेमतेम मावतील एवढीच लहान, भरपूर भोकांची पारदर्शक कुंडी घ्या. पानांच्या पसाऱ्याकडे बघून मोठी कुंडी घ्याल तर पुन्हा तेच होईल. त्यात पाइनच्या सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा. सोडणात क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून धुऊन घ्या. माती आणि कोकोपीट अजिबात नको. झाड काठीला बांधा, ते डगमगलं की नव्या मुळांची कोवळी टोकं मोडतात.

एकही मूळ उरलं नसेल तर स्फॅग्नम मॉस भिजवून कचकचून पिळा, थेंबही पडता कामा नये. पारदर्शक डब्यात त्याचा पातळ थर करून त्यावर झाड टेकवा, खोड पुरू नका. वरून झाकण किंवा प्लास्टिकची पिशवी. आतल्या दमटपणामुळे पानांतून पाणी उडणं कमी होतं आणि मुळं नसतानाही झाड तग धरतं. उजेड भरपूर, पण ऊन थेट नको, नाहीतर डब्यात झाड शिजेल. रोज थोडा वेळ झाकण उघडा आणि बुरशीचा पांढरा तंतू दिसला तर मॉस बदला. सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं तर घाबरू नका, झाड त्यातलं अन्न वापरून घेतंय. खालच्या पानांच्या बगलेतून हिरवं किंवा लालसर टोक डोकावेपर्यंत काही महिनेही जाऊ शकतात. मुळं दोन-तीन सेंटिमीटर होईपर्यंत खत शून्य.

एकाच गोष्टीपुढे उपाय थोडे आहेत: मधलं पान हलकेच ओढल्यावर हातात आलं आणि बुडाशी काळं, घाण वासाचं निघालं तर शेंडा गेला. हे झाड त्या एकाच शेंड्यातून वाढतं. मग बुंध्यातून पिल्लू फुटण्याची वाट बघायची, ते येईलच असं नाही. तुमचं मधलं पान शाबूत आहे, तेव्हा पाणी पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका, साचलंच तर कागदाने टिपून घ्या.

पाण्याला वार ठरवू नका. मुंबईचा जुलै आणि पुण्याचा एप्रिल यांना एकच वेळापत्रक कसं चालेल? पारदर्शक कुंडीतून मुळं बघा: हिरवी असतील तर थांबा, चंदेरी-राखाडी झाली की पाणी द्या आणि पूर्ण निथळू द्या. पावसाळ्यात पंख्याची झुळूक लागू द्या. फुलांची अपेक्षा मात्र यंदा ठेवू नका, दांडा आलाच तर लहान असतानाच खुडून टाका.